लेन्सचा ऑनलाइन कॅटलॉग धुंडाळायचा कसा: माउंटच्या खुणेपासून मॉडेल कोडपर्यंत

शोधपेटीत ‘कॅनन ५० लेन्स’ टाकायचं, ‘स्वस्त आधी’ लावायचं, चित्र ओळखीचं वाटलं की ऑर्डर ठोकायची. तुळशीचं लग्न झालं की कोल्हापुरात कार्यालयांच्या तारखा भरायला लागतात आणि फोटोवाल्यांचे हे घोळही सुरू होतात. पार्सल येतं, लेन्स कॅमेऱ्याच्या बॉडीवर बसत नाही. किंवा बसते, पण ऑटोफोकस होत नाही. तोवर हळदीचा दिवस उजाडलेला असतो.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. जे बदलता येत नाही ते आधी ठरवायचं, जे बदलतं ते शेवटी. कॅमेऱ्याचं माउंट, म्हणजे लेन्स जिथे अडकते ते कडं, बदलत नाही, सेन्सरचा आकार बदलत नाही. किंमत आज एक असते, दिवाळीला दुसरी. लोक मात्र किमतीपासून सुरू करतात आणि माउंटवर येऊन आपटतात. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या, मधला एकही गाळू नका.

टप्पा १: कॅटलॉग उघडण्याआधी

कागद-पेन घ्या. मोबाइलवर नोंद केली तर कॅटलॉग आणि नोंद यांच्यात उड्या मारताना निम्मं डोक्यातून जातं.

पहिली नोंद बॉडीच्या नावाची. कॅननचा जो कॅमेरा आपल्याकडे १५००डी म्हणून विकला गेला, तोच युरोपात २०००डी आणि अमेरिकेत रिबेल टी७ आहे. आपला ३०००डी तिकडे ४०००डी होतो. २००डी मार्क टू हा युरोपात २५०डी, अमेरिकेत रिबेल एसएल३. परदेशी कॅटलॉगच्या ‘तुमचा कॅमेरा निवडा’ या यादीत १५००डी दिसत नाही म्हणून ‘आपल्या कॅमेऱ्याला यातलं काही चालत नाही’ असं समजून पान बंद करणारे पुष्कळ आहेत. दोन्ही-तिन्ही नावं लिहून ठेवा.

दुसरी नोंद माउंटच्या खुणेची. कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरून लेन्स काढा आणि बॉडीचं धातूचं कडं बघा. (हे घरात करायचं, रंकाळ्याच्या कट्ट्यावर वाऱ्यात बसून नाही.) कॅननच्या डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) लाल ठिपका आणि पांढरा चौकोन दोन्ही असतील तर ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही प्रकारच्या लेन्स बसतात. नुसता लाल ठिपका असेल तर फक्त ईएफ. कॅमेऱ्याचं नाव आर ५०, आर १० असं ‘आर’ने सुरू होत असेल तर तो मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, आणि माउंट आरएफ.

तिसरी नोंद हातातल्या लेन्सवरच्या आकड्यांची. कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सच्या तोंडाशी १८-५५ मिमी, १:३.५-५.६ आणि तिरकी रेघ मारलेल्या शून्यापुढे ५८ मिमी असं छापलेलं दिसतं. यातलं ५८ हे समोर बसणाऱ्या काचेच्या फिल्टरचं माप आहे, फोकल लेन्थ (लेन्स किती जवळ ओढते ते सांगणारा आकडा, इथे १८-५५) नाही. तरीही ‘५८ मिमी लेन्स’ शोधणारे भेटतातच, आणि मग कॅटलॉग त्यांना झाकणं आणि यूव्ही फिल्टर दाखवत बसतो. दुसरं असं की, लेन्सवर १:३.५ छापलेलं असतं तेच कॅटलॉगमध्ये एफ/३.५ म्हणून येतं; हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, जितका लहान तितका उजेड जास्त.

चौथी नोंद कामाची. इथे थोडा हिशोब करा, कारण ‘लांबचं घ्यायची लेन्स’ असं कुठल्याच कॅटलॉगमध्ये शोधता येत नाही. सेन्सरची रुंदी गुणिले तुमच्यापासूनचं अंतर, भागिले फ्रेममध्ये हवी असलेली रुंदी. येईल ती लागणारी फोकल लेन्थ. १५००डीच्या सेन्सरची रुंदी २२.३ मिमी, फुल फ्रेमची (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांची) ३६ मिमी. कार्यालयाच्या स्टेजवर ५ मीटर पसरलेला वऱ्हाडाचा ग्रुप ४ मीटरवरून घ्यायचा असेल तर २२.३ गुणिले ४ भागिले ५, म्हणजे जवळपास १८ मिमी. खासबागेत २० मीटरवरून कुस्ती घेताना फ्रेम सव्वादोन मीटर रुंद हवी असेल तर उत्तर २०० मिमीच्या घरात येतं. तेवढ्यात पटात शिरलेले दोन पैलवान मावतात.

*पडताळणी: कागदावर बॉडीची सगळी नावं, माउंट, सेन्सरचा आकार आणि फोकल लेन्थ आली का? एक जरी राहिलं असेल तर पुढे जाऊ नका.*

टप्पा २: कुठला कॅटलॉग कशासाठी

माहिती कंपनीच्या कॅटलॉगमधून घ्यायची, भाव दुकानाच्या. दुकानाच्या पानावर माहिती भरणारा माणूस दिवसाला ढीगभर वस्तू चढवत असतो. वजन एका लेन्सचं, नाव दुसरीचं, असं सर्रास होतं. उलट कंपनीच्या चालू यादीतून बंद झालेल्या लेन्स काढून टाकलेल्या असतात. जुनी कॅनन लेन्स शोधत असाल तर ‘कॅनन कॅमेरा म्युझियम’ हा कंपनीचाच ऑनलाइन संग्रह बघा. तिथे बंद झालेल्या ईएफ लेन्सही बाजारात आलेल्या तारखेसकट मिळतात. बाकी काही करायची गरज नाही, कंपनीचा आणि दुकानाचा असे दोन कॅटलॉग दोन टॅबमध्ये उघडे ठेवा.

शक्य असेल तर हे काम लॅपटॉपवर करा. मोबाइलवर मागे जायचं बटण दाबलं की लावलेल्या चाळण्या (ब्रँड, किंमत अशा निवडी) बऱ्याच ठिकाणी गळून पडतात आणि तुम्हाला कळतही नाही.

टप्पा ३: माउंटची चाळणी, सगळ्यात आधी

कॅटलॉगच्या बाजूला ब्रँड, किंमत, माउंट अशा निवडी असतात. काचेच्या फिल्टरशी गल्लत नको म्हणून त्यांना इथे चाळणी म्हटलं आहे. पहिली टिचकी माउंटवर. ब्रँडमध्ये ‘कॅनन’ निवडलं म्हणजे कॅननला बसणारी लेन्स मिळाली असं होत नाही. तिथे कॅननने बनवलेल्या सगळ्या लेन्स येतात, ईएफ, ईएफ-एस, ईएफ-एम, आरएफ सगळा खिचडा. शिवाय सिग्मा-टॅमरॉन या दुसऱ्या कंपन्यांच्या तुम्हाला बसणाऱ्या लेन्स मात्र गायब होतात.

दुकानाच्या नावात ‘फॉर कॅनन’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते अर्धवट समजा. उदाहरण घ्या. सिग्माची १७-५० मिमी एफ/२.८ डीसी ही डीएसएलआरसाठीची लेन्स, कॅननच्या ईएफ माउंटमध्येही निघालेली, फिल्टर ७७ मिमी. सिग्माचीच १८-५० मिमी एफ/२.८ डीसी डीएन ही मिररलेससाठीची, फिल्टर ५५ मिमी, वजनाला जवळपास निम्मी. ही कॅननसाठी आहे ती आरएफ माउंटमध्ये. नावात एका मिलिमीटरचा आणि दोन अक्षरांचा फरक, आणि १५००डीवर दुसरी बसणारच नाही.

मग अडॅप्टर, म्हणजे मध्ये बसवायचं जोडकडं, का नाही? माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ईएफमध्ये ४४ मिमी आहे, आरएफमध्ये २० मिमी. म्हणून ईएफ लेन्स आर ५० वर लावताना मधल्या २४ मिमीत अडॅप्टर बसतो आणि काम होतं. उलट दिशेला जागाच नाही. आरएफ लेन्स डीएसएलआरवर लावून देणारा अडॅप्टर कोणी विकत असेल तर त्या पानावरून निघा.

निकॉनवाल्यांना एक जादा पायरी आहे. माउंट एकच, ‘एफ’, पण डी३५०० आणि डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही. नावात नुसतं ‘एएफ’ असलेली लेन्स, समजा ५० मिमी एफ/१.८डी, त्यावर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. ऑटोफोकस हवा असेल तर नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ पाहिजे. आणि डी९०, डी७००० यांसारख्या जुन्या बॉडी असतील तर ‘एएफ-पी’ चालत नाही, म्हणजे तिथे ‘एएफ-एस’च. निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्याला एफ लेन्ससाठीचा एफटीझेड अडॅप्टर लावला तरी ‘डी’ लेन्सचा ऑटोफोकस सुरू होत नाही, कारण अशा लेन्सचा फोकसचा स्क्रू फिरवणारी मोटर अडॅप्टरमध्येही नाही.

*सावध: एकाच लेन्सच्या सगळ्या माउंटना दुकानं एकच फोटो वापरतात. फोटो पुरावा नाही. माउंटचा पर्याय निवडून पान पुन्हा उघडलं की तो पहिल्या पर्यायावर परत जातो का, तेही बघा.*

टप्पा ४: सेन्सरची अक्षरं

माउंट जुळलं तरी लेन्स तुमच्या सेन्सरसाठी आहे का, हे नावातली अक्षरं सांगतात. सिग्मात डीजी म्हणजे फुल फ्रेम, डीसी म्हणजे लहान सेन्सर (१५००डीसारखा), त्यापुढे डीएन आलं की मिररलेस. टॅमरॉनमध्ये डीआय फुल फ्रेम, डीआय टू लहान सेन्सरच्या डीएसएलआरसाठी, डीआय थ्री मिररलेस, आणि डीआय थ्री-ए लहान सेन्सरच्या मिररलेससाठी. निकॉनचं डीएक्स म्हणजे लहान सेन्सर, सोनीमध्ये ‘ई’ लहान आणि ‘एफई’ फुल फ्रेम.

लहान सेन्सरच्या बॉडीला दोन्ही चालतात. फुल फ्रेमवाल्याने मात्र जपायचं: ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही, निकॉनची डीएक्स लेन्स बसते पण कॅमेरा फ्रेम कापून घेतो.

टप्पा ५: आता शोधपेटी

आता कुठे टाइप करायची वेळ आली. इथल्या चुका बारीक, पण ‘काहीच सापडलं नाही’ हे उत्तर त्यांच्यामुळेच येतं.

मोबाइलचा कीबोर्ड मराठीवर असेल तर तो मराठी आकडे टाकतो. बहुतेक कॅटलॉगना ते कळत नाहीत. कीबोर्ड इंग्रजीवर आणा. दुसऱ्याच्या मेसेजमधून नाव उचलून चिकटवू नका, कारण त्यात ७० आणि २०० यांच्यामध्ये कधी लांब रेघ असते, ती साध्या जोडरेघेशी जुळत नाही. हाताने टाका. युरोपातल्या काही कॅटलॉगमध्ये एफ/२.८ मध्ये टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो.

शब्द कमी ठेवा. ‘कॅनन ७०-२०० एफ २.८ आयएस टू झूम लेन्स वेडिंगसाठी’ असं वाक्य टाकलं की त्यातला एखादा शब्द कुठेच नाही म्हणून सगळंच रिकामं येतं. आधी फक्त ७०-२०० टाका. यादी आली की २.८ जोडा. मिमी हा शब्द सोडून द्या, कोणी आकड्याला चिकटवून लिहितो, कोणी सुटा.

दुकानाची शोधपेटी मुळातच ढिली असेल तर गूगलवर दुकानाचं संकेतस्थळ आणि लेन्सचं नाव एकत्र टाका. नाव दुहेरी अवतरणात ठेवलं तर ते जसंच्या तसं शोधलं जातं. नको असलेल्या शब्दाच्या आधी, मध्ये जागा न सोडता, वजाचं चिन्ह लावलं की झाकणं, हूड, कव्हर बाजूला पडतात.

टप्पा ६: बाकीच्या चाळण्या, एकेक करून

लोक इथे पाच-सहा टिचक्या एका दमात मारतात आणि उरलेल्या दोन लेन्समधून निवडतात. कॅटलॉगमध्ये ज्या लेन्सची माहिती अर्धवट भरलेली असते, तिच्या रिकाम्या रकान्यावर चाळणी लागली की ती यादीतून उडते. लेन्स दुकानात असते, तुम्हाला दिसत नाही. म्हणून एक चाळणी लावा, यादीचा आकडा बघा, मग दुसरी. आकडा एकदम कोसळला तर ती चाळणी काढून टाका आणि ते काम डोळ्यांनी करा.

फोकल लेन्थची सरकपट्टी तर फार फसवी. काही ठिकाणी ती झूमचं फक्त खालचं टोक मोजते. २०० वर नेली की ७०-२०० निघून जाते, कारण कॅटलॉगच्या मते ती ७० ची लेन्स.

*पडताळणी: स्वतःकडे असलेल्या लेन्सचे गुण चाळणीत भरा. तुमची १८-५५ यादीत येत नसेल तर चाळणी बिघडलेली आहे, तिच्यावर भरवसा ठेवू नका.*

छिद्राच्या म्हणजे अ‍ॅपर्चरच्या चाळणीत ‘एफ/२.८’ निवडलं तर त्यात एफ/२.८-४ सुद्धा येतात. सिग्माची १७-७० मिमी एफ/२.८-४ घ्या. ती १७ वर २.८ आहे, ७० वर ४. नावात दोन आकडे रेघेने जोडलेले असतील तर झूम वाढेल तसं छिद्र लहान होतं. एकच आकडा असेल तर सगळीकडे तेवढंच. संध्याकाळच्या कुस्तीला याचा अर्थ असा: एफ/२.८ ला आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची पातळी) १६०० वर जो शटर स्पीड मिळतो, तोच एफ/५.६ ला मिळवायला आयएसओ ६४०० लागतो. ७०-३०० ची स्वस्त झूम यादीत बघून हुरळून जाण्याआधी हे डोक्यात असू दे.

‘स्वस्त आधी’ हे बटण अजूनही लावायचं नाही. लेन्सच्या विभागात झाकणं आणि रिंगा घुसवलेल्या असतात, तीच वर येतात.

टप्पा ७: एकच नाव, वेगळ्या आवृत्त्या

खरी मेख इथे आहे. कॅननची ईएफ ५० मिमी एफ/१.८ असं शोधलं तर तीन लेन्स समोर येऊ शकतात. १९८७ ची पहिली, धातूच्या माउंटची. १९९० ची ‘टू’, प्लॅस्टिकच्या माउंटची. आणि २०१५ ची एसटीएम, पुन्हा धातूच्या माउंटची. पहिल्या दोघींचा फिल्टर ५२ मिमी, एसटीएमचा ४९. ‘टू’ ४५ सेंटीमीटरच्या अलीकडे फोकस करत नाही, एसटीएम ३५ पर्यंत येते. छिद्राची पाती ‘टू’मध्ये ५, एसटीएममध्ये ७. बाळाच्या बारशाला पाळण्याजवळ उभं राहून हात किंवा पाय घ्यायचा असेल तर हे दहा सेंटीमीटर फार मोठे असतात.

दुकानाच्या पानावर शीर्षक ‘५० मिमी १.८’ इतकंच असतं आणि माहिती एका आवृत्तीची, फोटो दुसरीचा. अशा वेळी फिल्टरचं माप बघा. आवृत्ती ओळखायला याहून झटपट दुसरी खूण नाही; पहिली आणि ‘टू’ यांत मात्र माउंट धातूचं की प्लॅस्टिकचं ते बघा. टॅमरॉनची १७-५० एफ/२.८ सुद्धा तशीच: साधी आहे तिचा कोड ए१६, फिल्टर ६७ मिमी, आणि हलणं सावरणारी, नावात व्हीसी असलेली, तिचा कोड बी००५, फिल्टर ७२. टॅमरॉनच्या बाबतीत तर नावापेक्षा कोडच टाकून शोधावं, थेट पानावर जाता.

आणि फोटोत समोरचं कडं मोठं करून वाचायची सवय लावा. शीर्षक माणूस टाइप करतो, कड्यावरचं कारखान्यात छापलेलं असतं.

टप्पा ८: माहितीचा तक्ता वाचताना

गुजरीतल्या सराफांसाठी दागिन्यांचे फोटो काढणाऱ्यांनी हा भाग सावकाश वाचावा. ‘मॅक्रो’ शब्द टाकून शोधलं की दोन चुका होतात. एक, निकॉन आपल्या या लेन्सना ‘मायक्रो’ म्हणतं, त्या यादीत येत नाहीत. दोन, नावात मॅक्रो असलेल्या साध्या झूम लेन्स येतात, ज्या वस्तू खऱ्या आकाराच्या पावपट, तिसरा हिस्सा किंवा फार तर निम्मी दाखवतात. शब्द सोडा, ‘जास्तीत जास्त मॅग्निफिकेशन’ हा रकाना बघा. १:१ किंवा १ असेल तर खरी मॅक्रो. ०.२५ किंवा १:४ असेल तर नाही.

त्याच तक्त्यात ‘किमान फोकस अंतर’ असतं. ते लेन्सच्या तोंडापासून मोजत नाहीत, सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्यावर गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते, तिथून. निकॉनची ४० मिमी मायक्रो १६.३ सेंटीमीटरवर फोकस करते असं वाचून खूश व्हाल, पण त्यातली बरीच जागा बॉडी आणि लेन्सनेच खाल्लेली असते. साजाच्या पानांवर लेन्सचीच सावली पडते, दिवा घालायला जागा राहत नाही. दागिन्यांना ९० ते १०० मिमीच्या मॅक्रो बघा, त्या ३० सेंटीमीटरच्या आसपास थांबतात.

‘दृश्यकोन’ हा रकाना सेन्सर बघितल्याशिवाय वापरू नका. ईएफ ५० मिमीपुढे लिहिलेले ४६ अंश फुल फ्रेमचे आहेत. १५००डीवर तीच लेन्स ८० मिमीसारखी दिसते.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाणाऱ्यांनी ‘धूळ-पाणी रोधक’ हा रकाना बघावा, आणि झूम करताना नळी बाहेर येते की आतल्या आत फिरते तेही. बाहेर येणाऱ्या नळीवर बसलेला गुलाल आत जातो.

टप्पा ९: जुन्या लेन्सची यादी बघत असाल तर

आपल्याकडे जूनपासून ओल असते, आणि बॅगेत कोंडून कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. म्हणून ‘स्थिती उत्तम’ या दोन शब्दांवर जाऊ नका. वर्णनात फंगस (बुरशी), हेझ (काचेवरचा धुरकटपणा) हे शब्द शोधा. ‘फोटोवर परिणाम होत नाही’ असं वाक्य असेल तर आत काहीतरी आहे असं धरून चाला. विकणाऱ्याकडून तीन फोटो मागा: मागच्या बाजूने टॉर्च मारून समोरून घेतलेला काचेचा, माउंटच्या कड्याचा आणि सिरियल नंबरचा. दुसऱ्या कुठल्या जाहिरातीत तोच फोटो आहे का, हेही तपासा. टाळाटाळ झाली तर विषय संपला.

टप्पा १०: किंमत आणि ऑर्डर

आता ‘स्वस्त आधी’ दाबा. यादीत चार-दोनच लेन्स उरलेल्या असतील.

परदेशी कॅटलॉगमधला डॉलरचा आकडा रुपयात करून लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराशी वाद घालू नका. त्यात आपल्याकडचे कर आणि आयातशुल्क धरलेलं नसतं. भारतातल्याच कॅटलॉगमध्ये एखादी लेन्स बाकीच्यांपेक्षा फारच खाली दिसली तर वॉरंटी कोणाची ते विचारा: कंपनीची भारतातली, की ‘विक्रेत्याची’. दुसरी असेल तर दुरुस्तीची वेळ आली की तुम्ही आणि तो विक्रेता.

पैसे भरण्याआधी दुकानाला फोन किंवा मेसेज करा आणि उत्तर आपण न सुचवता चार गोष्टी विचारा: मॉडेल कोड, माउंट, फिल्टरचं माप, वॉरंटी. उत्तर लेखी घ्या. कागदावरच्या नोंदीशी आणि कंपनीच्या कॅटलॉगमधल्या माहितीशी सगळं जुळलं तरच पुढे. ‘हो हो, कॅननलाच आहे’ हे उत्तर धरायचं नाही.

*सावध: पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा, डब्यावरचा कोड आणि सिरियल नंबर दिसेल असा. लेन्स हातात आल्यावर बॉडीला लावायची घाई नको, आधी मागच्या कड्यावरची खूण बघा. चुकीच्या माउंटची लेन्स जोर लावून फिरवली आणि कड्यावर ओरखडा उठला की दुकान ती परत घेत नाही.*